उन्हाळी घेवड्याला पाचटाचं आच्छादन: किती, कधी आणि पाण्याची पाळी कशी बदलायची

प्रश्न थोडक्यात असा: सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यात २० गुंठे मध्यम ते मुरमाड रान आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात झुडपी श्रावण घेवडा (फरसबी) टोकायचा विचार आहे. चार फुटी बेड आहेत, ठिबक आहे (१६ मिमी इनलाइन, म्हणजे ड्रिपर आतच बसवलेली नळी, ४० सेंमीवर ताशी २ लिटरचा ड्रिपर). मार्चअखेर विहीर दिवसाला दीड तासाच्या पुढे चालत नाही. गेल्या उन्हाळ्यात फुलगळ झाली, शेंगा वाकड्या आल्या, तिसऱ्या तोड्याला प्लॉट संपला. शेजारच्या उसाचं पाचट (वाळलेली पानं) फुकट मिळतंय. पाचट टाकू की मल्चिंग पेपर (प्लास्टिकचं आच्छादन)? किती, कधी? आणि पाचटाखालून घेवडा उगवतो का?

उत्तर:

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बहुतेक प्लॉट तिथेच बिघडतात. पाचटाखालून घेवडा नीट उगवत नाही. हरभऱ्याच्या किंवा तुरीच्या बियांच्या दोन्ही डाळी मातीतच राहतात आणि फक्त कोंब वर येतो. घेवड्याचं तसं नाही. तो दोन्ही डाळी घेऊन वर येतो. उगवताना पाहिलंत तर आधी मातीला बारीक भेग पडते, मग छत्रीच्या मुठीसारखा वाकलेला पांढुरका देठ दिसतो, आणि तो देठ सरळ होताना डाळींना मागून ओढून बाहेर काढतो. या ओढाओढीत वर पाचटाचा थर, कडक पोपडा किंवा ढेकूळ असेल तर देठ मानेत मोडतो, नाहीतर डाळी आतच तुटून राहतात. बिनडाळीचं बोडकं रोप जगलं तरी पंधरा दिवस मागे पडतं आणि शेवटपर्यंत मागेच राहतं. चवळीचीही उगवण अशीच असते, त्यामुळे हा नियम तिलाही लागू.

म्हणून क्रम असा: आधी जमिनीत भरपूर ओल, मग पेरणी, मग पूर्ण उगवण आणि एक खुरपणी, त्यानंतर पाचट, आणि पाचट पडल्या दिवसापासून पाण्याची पाळी वेगळी. आच्छादन पाणी देत नाही, असलेलं धरून ठेवतं. कोरड्या रानावर पाचट टाकलं तर कोरडेपणाच झाकला जातो. आणि पाचट टाकूनही पाणी जुन्याच हिशेबाने सोडत राहिलात तर मुळं कुजतात आणि बोल पाचटाला लागतो.

तारखेबद्दल आधी बोलू. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात टोकलेला झुडपी घेवडा मार्चच्या मध्यावर फुलात येतो. त्या वेळी तुमच्याकडे दुपारचं तापमान ३५ अंशांच्या आसपास गेलेलं असतं. घेवड्याला १५ ते २५ अंश मानवतं. तिशीच्या पुढे फुलं गळायला लागतात आणि पस्तिशीत फलधारणा नीट होत नाही. पाचटाने मुळांजवळची माती थंड राहते, पण फुलाभोवतीची हवा फारशी थंड होत नाही. गेल्या वर्षीची फुलगळ काही पाण्यामुळे होती आणि काही निव्वळ उन्हामुळे, त्यातली दुसरी आच्छादनाने थांबणार नाही. म्हणून पेरणी २० ते २५ जानेवारीला ओढा, फुलं मार्चच्या सुरुवातीला येतील. त्याहून आधी मात्र नको. थंड मातीत बी फुगून पडून राहतं आणि कुजतं. पश्चिमेच्या बांधावर मक्याच्या दोन ओळी घेवड्याच्या आधी दोन-तीन आठवडे टोकल्या तर गरम वाऱ्याला आड होतो. फुलोऱ्यात हा आड पाचटाइतकाच कामाला येतो.

आता पाण्याचा हिशेब मांडू, म्हणजे पाचट नेमकं काय वाचवणार ते कळेल. २० गुंठे म्हणजे २,०२३ चौरस मीटर. त्यावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण २,००० लिटर. चार फुटी बेडला एक नळी धरली तर नळी सुमारे १,६८५ मीटर भरते, ड्रिपर ४,२०० च्या आसपास, आणि तासाला साधारण ८,४०० लिटर पाणी पडतं. म्हणजे एक तास ठिबक चाललं की ४ मिमी. विहीर दीड तास चालते म्हणजे दिवसाला ६ मिमी. भरात आलेल्या घेवड्याची मार्चमधली गरज ५ ते ६ मिमी असते. थोडक्यात, विहिरीवर दुसरं पीक नसेल तर पाणी पुरतं, पण जेमतेम. एक दिवस वीज गेली, एक सबमेन (नळ्यांना पाणी देणारा पाइप) फुटली की तुटवडा. त्या तुटवड्यात तग धरायला जमिनीत साठा हवा, आणि तो साठा पहिल्या महिन्यातच करता येतो.

कारण पहिल्या ३०-३५ दिवसांत झाडं लहान असतात, पानांनी जमीन झाकलेली नसते, आणि दिलेल्या पाण्यातला मोठा वाटा उघड्या मातीतून उडून जातो. बेड पानांनी झाकले गेले की मातीतून उडणारं पाणी आपोआप कमी होतं, त्यापुढे पाणी झाडातून जातं आणि ते पाचट अडवू शकत नाही. त्यामुळे पंधराव्या दिवशी टाकलेलं पाचट आणि फुलोऱ्यात टाकलेलं पाचट यांत फार अंतर आहे. फुलं दिसल्यावर घाईने टाकलेल्या पाचटाचा फायदा शेंगा मातीला न लागण्यापुरता राहतो. ढोबळमानाने, काडाच्या आच्छादनाने जमिनीचा जेवढा भाग झाकाल त्याच्या निम्म्या प्रमाणात बाष्पीभवन घटतं. अर्धी जमीन झाकली तर पाव भाग बचत. म्हणूनच फक्त सरीत थोडंसं पाचट पसरून फारसं हाती लागत नाही.

पेरणीआधीची तयारी. बेडवर कुजलेलं शेणखत आणि रासायनिक खताचा पहिला हप्ता मातीत मिसळून घ्या. पाचट पडल्यावर वरून खत टाकणं अवघड होतं. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) १ किलो १०० किलो शेणखतात मिसळून, सावलीत आठवडाभर ओलसर ठेवून मग बेडवर पसरा. खोडकुजीचा मुद्दा पुढे आहे, हा त्याचाच बंदोबस्त. बियाण्याला रायझोबियम २५ ग्रॅम प्रतिकिलो चोळा, पण घेवड्याच्या गाठींवर फार विसंबू नका. सोयाबीन, हरभरा हवेतला नत्र भरपूर बांधतात, घेवडा त्या मानाने कमी. हे लक्षात ठेवा, पिवळेपणाच्या मुद्द्यावर हेच कामाला येणार आहे.

मग ठिबक इतकं चालवा की ओल एक फूट खाली जाईल. तास मोजू नका, सळई वापरा. ८ मिमीची लोखंडी सळई बेडमध्ये हाताने दाबा. ओलीत ती सरळ जाते, कोरड्या थराला लागली की अडते. फुटाच्या आत अडत असेल तर अजून पाणी द्या. मुरमाड रानात सळई खड्यालाही अडते, तेव्हा शेजारी दोन-तीन ठिकाणी तपासा. वाफसा आल्यावर (माती ओलसर पण भुसभुशीत झाल्यावर) बेडवर दोन ओळी टोका. ओळींत ४५ सेंमी, दोन बियांत १० ते १२ सेंमी, खोली ३ ते ४ सेंमी. उगवण होईपर्यंत रोज थोडं थोडं, वरची माती पोपडा न धरण्यापुरतं पाणी.

पाचट कधी? रोपांवर पहिलं तीन पानांचं पान पूर्ण उघडलं की. या हंगामात हे १४ ते १८ दिवसांनी येतं. त्याआधी आठव्या-नवव्या दिवशी नांग्या भरून घ्या, म्हणजे न उगवलेल्या जागी पुन्हा बी टोका. पाचट टाकायच्या आदल्या दिवशी खुरपणी करा आणि खोडाला बोटभर मातीची भर द्या. ही भर टाळू नका. उन्हाळी घेवड्यात खोडमाशीची अळी खोडाच्या बुडाशी पोखरते, रोप मलूल होतं. भर दिलेली असली तर वरच्या भागातून नवी मुळं फुटून रोप सावरतं. पाचट टाकल्यावर भर देता येत नाही.

किती टाकायचं? चौरस मीटरला ६०० ग्रॅम सुटं, वाळलेलं पाचट धरा. रोपांच्या दोन्ही बाजूंना सोडायची जागा वजा केली तर २० गुंठ्यांना साधारण एक टन. एकरी उसातून ३ ते ४ टन पाचट निघतं, म्हणजे शेजारच्या १० ते १३ गुंठे उसाचं पाचट तुम्हाला पुरेल. टाकताना थर ५ सेंमी दिसला पाहिजे, दोन पाण्यांनंतर तो बसून ३ सेंमीवर येतो. वरून पाहिल्यावर माती दिसली तर कमी पडलं. दहा सेंमीचा जाड थर टाकून जास्त ओल टिकेल असं समजू नका. खालच्या मातीला हवा मिळत नाही, उंदीर घरं करतात, आणि घेवड्याची मुळं ओल वरच मिळते म्हणून पाचटाच्या तळाशी येऊन बसतात. पुढे एखादी पाळी चुकली की तीच मुळं आधी वाळतात.

पाचटाची पानं मीटर-दीड मीटर लांब असतात. दोन बेडांमधल्या वाटेत ती अख्खी, लांबीला लांबी लावून टाका. बेडवर दोन ओळींच्या मध्ये मात्र वीतभर तुकडे करून टाका, नाहीतर एक पान चार रोपांवर आडवं पडतं आणि वाऱ्याने हललं की कोवळे देठ सोलवटतात. खोडापासून चारी बाजूंनी ५ सेंमी जागा मोकळी ठेवा, हाताची तीन बोटं आडवी बसतील इतकी. माणसं कामाला लावलीत की ही जागा सगळ्यात आधी विसरली जाते, कारण थेट खोडाशी पाचट सारून दिलं की काम पटकन उरकतं. पहिल्या दोन बेडांवर उभं राहून दाखवा, म्हणजे पुढचे बेड तसेच होतील.

ठिबकची नळी पाचटाच्या खाली असू द्या. वर राहिली तर दुपारी नळीतलं पाणी तापतं आणि पाचट ओलं होण्यातच बरंच पाणी जातं. खाली ठेवण्याचा तोटा एवढाच की बंद पडलेला ड्रिपर दिसत नाही. म्हणून पाचट टाकायच्या दिवशी नळी चालू करून सगळ्या ओळी फिरून पाहा, शेवटच्या टोप्या उघडून नळ्या धुवून घ्या, आणि पुढे दर आठ दिवसांनी धुवा. पाचट पसरून झालं की वरून हलकं पाणी मारा. ओलं पाचट बसतं, मार्चच्या वाऱ्यात उडत नाही. कडेच्या बेडांवर चार-चार ढेकळं ठेवली तर अजून बरं.

पाण्याची नवी पाळी अशी सुरू करा. पाचट टाकल्यापासून ३५ व्या दिवसापर्यंत दिवसाआड ४५ मिनिटं ते एक तास. फुलकळी दिसल्यापासून शेवटच्या तोड्यापर्यंत रोज एक ते सव्वा तास. मुरमाड रानात पाणी धरून ठेवायची ताकद कमी, म्हणून फुलोऱ्यात दिवसाआड नको, रोजच. हे आकडे सुरुवातीचे आहेत, खरा निर्णय खुरप्याने करा. पाचट बाजूला सारून १० ते १५ सेंमी खोलीवरची माती मुठीत दाबा. लाडू वळला आणि टिचकीने फुटला तर ओल बरोबर आहे, पाळी पुढे ढकला. बोटांना चिखल लागला तर एक पाळी पूर्ण चुकवा. लाडूच वळला नाही तर उशीर झालाय. वरचं पाचट कोरडं खडखडीत दिसतं म्हणून पाणी सोडायचं नाही. ते तसंच दिसणार.

पानांवरूनही कळतं, पण वेळ पाहून वाचायला हवं. कडक उन्हात घेवडा आपली पानं उभी करतो, उन्हाकडे पानाची कड करतो. दुपारी दोनला सगळा प्लॉट असा दिसला तर घाबरू नका, तो स्वतःला वाचवतोय. सकाळी आठलाही पानं तशीच उभी किंवा लोंबती असतील, रंग मळकट गडद दिसत असेल, तर पाणी कमी पडलंय. उलट खालची पानं पिवळी आणि माती चिकट असेल तर पाणी जास्त झालंय.

पिवळेपणाचं दुसरंही एक कारण आहे आणि ते पाचटामुळे येतं. पाचटात कर्ब फार, नत्र अगदी थोडा. ते कुजवणारे जिवाणू आजूबाजूच्या मातीतला नत्र उचलतात. पाचट नुसतं वर पसरलेलं असेल तर ही ओढ मातीला टेकलेल्या पातळ थरापुरतीच राहते आणि पिकाला फारशी जाणवत नाही. पण खुरपताना ते मातीत कालवलं गेलं की २५ ते ३० दिवसांच्या सुमारास खालची पानं एकसारखी फिकट होतात. घेवडा स्वतःचा नत्र पुरेसा बांधत नसल्याने इतर कडधान्यांपेक्षा लवकर दाखवतो. अशा वेळी २ किलो युरिया ठिबकमधून सोडा, आठवड्याने पुन्हा २ किलो. युरिया पाचटावर फेकू नका. ओल्या काडीवर पडलेल्या युरियातला बराच नत्र अमोनिया होऊन हवेत जातो, नाकाला वासही येतो. बांधावर गिरीपुष्प (हिरवळीच्या खताचं झाड) असेल तर पाचट टाकण्याआधी त्याचा कोवळा पाला ओळींमध्ये विरळ पसरा आणि वर पाचट टाका. पाला दोन-तीन आठवड्यांत विरघळतो आणि नत्राची ओढ बरीच भरून काढतो.

खोडकुज, म्हणजे मातीलगत येणारी पांढरी बुरशी, हा पाचटातला सगळ्यात मोठा धोका. रोप एकाएकी कोमेजतं. उपटून पाहिलं तर मातीलगत खोडावर कापसासारखी पांढरी बुरशी आणि त्यात मोहरीएवढे, आधी पांढरे मग तपकिरी दाणे दिसतात. ही बुरशी अर्धवट कुजलेल्या काडीवर पोसते आणि तिथून खोडावर येते. पाचट खोडाला टेकलेलं आणि वर पाणी जास्त, की तिला हवं ते सगळं मिळालं. असं रोप दिसलं तर भोवतालच्या मूठ-दोन मूठ मातीसकट काढून पिशवीत घालून रानाबाहेर न्या, कारण ते दाणे मातीत वर्षानुवर्षं जगतात. बेडच्या त्या तुकड्यावरचं पाचट वाटेत ओढा, एक पाळी चुकवा, शेजारच्या रोपांच्या बुडाशी ट्रायकोडर्माची आळवणी करा, म्हणजे ते पाण्यात कालवून ओता. मागे त्या रानात भुईमुगाला किंवा सोयाबीनला ही मर येत होती का, हे आधी आठवा. येत असेल तर बेडवर पाचट नकोच, फक्त वाटांमध्ये टाका.

वाळवीही लागेल, तुमच्या मुरमाड रानात जास्तच. ती शक्यतो सुकं पाचट खाते, ओलसर माती तिला तितकी मानवत नाही. पण पाणी बराच काळ तुटलं की झाडाकडे वळते. बांधावर वारूळ असेल तर त्या बाजूचे दोन बेड मोकळे ठेवा. लव्हाळा आणि हरळी पाचटाने मरत नाहीत. लव्हाळा तर मल्चिंग पेपरलाही भोक पाडून वर येतो. त्या रानात ही दोन तणं असतील तर त्यांचा बंदोबस्त आच्छादनाआधी करा, नंतर जमणार नाही.

दोन सावधगिरीच्या गोष्टी, ज्या कोणी सांगत नाही. ऊसतोडीनंतर पडलेल्या पाचटात घोणस आणि नाग बसतात. पाचट भरताना आधी काठीने उलथा, हातात मोजे आणि पायात बूट हवेत. तोड्याच्या वेळीही बायकांना वाटेत आधी काठी आपटत पुढे जायला सांगा. आणि आग. मार्चमध्ये आजूबाजूला पाचट पेटवलं जातंच. प्लॉटच्या चारी बाजूंनी दीड-दोन मीटर पट्टा काडीकचरा काढून मोकळा ठेवा आणि विजेच्या तारांखालच्या बेडवर पाचट टाकू नका.

आता पेपर. तुमच्या पिकाला, तुमच्या रानात, झुडपी जातीला मी पेपर सुचवणार नाही. १,६८५ मीटर बेडला ४०० मीटरचे चार रोल संपून पाचवा फोडावा लागतो. दोन ओळी आणि २० सेंमीवर भोक धरलं तर जवळपास १७,००० भोकं, प्रत्येकात दोन बिया. एवढी मजुरी घालून पीक उभं राहणार अडीच-तीन महिने. पेपर शोभतो तो वेली घेवड्याला, जिथे भोकं कमी, मांडव आहे आणि तोडे लांबतात. पाचट फुकट असताना तो खर्च कशाला? तरीही टाकायचाच असेल तर २५ मायक्रॉनचा, चंदेरी बाजू वर आणि काळी खाली. नुसता काळा पेपर उन्हाळ्यात माती भाजून काढतो. चंदेरी बाजूने उजेड परत फिरतो, त्यामुळे पानं पेपर झाकेपर्यंत फुलकिडे, मावा आणि पांढरी माशी कमी बसतात. पाचटाचा असा उपयोग तितका होत नाही, एवढं पेपरच्या बाजूने.

पेपरवर बिघडतं ते बहुधा भोकापाशी. पेपर ढिला असेल तर वाऱ्याने सरकतो, बी एकीकडे आणि भोक दुसरीकडे, मग रोप पेपरखाली पांढरं पडून भाजतं. ताणून बसवा, दोन्ही कडा अर्धा-अर्धा फूट मातीत गाडा. उगवलेल्या रोपाचं खोड पेपरच्या कडेला टेकलं तर तिथे चटका बसून खोड बारीक होतं आणि रोप आडवं पडतं. शिवाय पेपरखालची गरम वाफ भोकातूनच बाहेर येते, ती थेट खोडावर. उपाय एकच: उगवण झाल्यावर प्रत्येक भोकाभोवती मूठभर माती टाकून भोक बुजवा. पेपरला अनुदान हवं असेल तर महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या योजनांच्या पोर्टलवर) अर्ज करून पूर्वसंमती घ्या आणि मगच खरेदी करा. आधी घेतलेल्या बिलावर अनुदान निघत नाही.

पाचटाऐवजी दुसरं काही? सोयाबीनचं भुसकट चांगलं, लवकर कुजतं आणि नत्राची ओढ कमी. पण ते बारीक असल्याने दाबून बसतं, ३ सेंमी थर पुरे, वजन मात्र पाचटापेक्षा जास्त लागतं. गव्हाचं काड जनावरांच्या तोंडचं काढून रानात घालण्यात अर्थ नाही. घ्यायचंच झालं तर त्या गव्हावर रुंद पानाच्या तणांसाठी तणनाशक मारलं होतं का ते विचारा. घेवडा अशा तणनाशकांना, विशेषतः २,४-डीला, फार नाजूक आहे. शंका असेल तर एका कुंडीत तेच काड कालवून चार बिया लावा, दुसऱ्या कुंडीत नुसत्या मातीत चार. दोन आठवड्यांत पहिल्या कुंडीतली पानं वेडीवाकडी, द्रोणासारखी आली तर ते काड उकिरड्यावर टाका. घेवड्याचंच जुनं काड कधीच वापरू नका. करपा आणि जिवाणूजन्य रोग त्यातूनच नव्या पिकावर येतात. बी धरलेलं गवत किंवा फुलात आलेलं गाजरगवतही नको.

खरिपातल्या वाघ्या घेवड्याला (राजम्याला) हेच जसंच्या तसं लावू नका. तिथे अडचण बहुधा पाणी साचण्याची असते. पावसाने दडी मारली तर पातळ थर ठीक, पण झड लागल्यावर ओलं काड खोडाशी राहिलं की खोडकुज ठरलेली. शंखी गोगलगाईंचा त्रास असलेल्या भागात तर खरिपात आच्छादन म्हणजे त्यांना दिवसा लपायला आयती जागा.

तोड्यांबद्दल एवढंच: पहिला तोडा ४५ ते ५० दिवसांत येईल, पुढचे तीन-चार दिवसांच्या अंतराने. पाचटावर शेंगा मातीला लागत नाहीत, धुवाव्या लागत नाहीत, टोकाकडून कुजत नाहीत. वाकड्या शेंगा कमी होतील, पण पूर्ण जाणार नाहीत, कारण उन्हाने फलधारणा अर्धवट झाली तरी शेंग वाकते. धूळ कमी उडते आणि झाड ताणात जात नाही, म्हणून लाल कोळी उशिरा येतो. तरी पानांची खालची बाजू आठवड्यातून एकदा पाहत जा.

शेवटच्या तोड्यानंतर निम्मं-अधिक पाचट शिल्लक असेल. पुढे सोयाबीन किंवा भुईमूग मशागत करून घ्यायचा असेल तर ते महिनाभर आधी रोटाव्हेटरने मातीत मिसळा. मिसळताना दर टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं जिवाणू संवर्धक टाका आणि ओल ठेवा, नाहीतर नत्राची ती ओढ खरिपाच्या पिकाला लागेल. बेड न मोडता टोकणारच असाल तर पाचट तसंच राहू द्या. घेवड्याची झाडं उपटू नका, विळ्याने जमिनीलगत कापून बाहेर काढा, मुळं जागीच राहू द्या, आणि टोकण्याच्या ओळीवरचं पाचट वीतभर रुंद बाजूला सारून घ्या. पेपर टाकला असेल तर आधी नळ्या ओढून घ्या, मग कडा कुदळीने मोकळ्या करून पेपर एका टोकाकडून गुंडाळत या. उन्हात कडक झालेला पेपर दुपारी ओढला की तुकडे होऊन मातीत राहतो, म्हणून हे काम सकाळी करा.